आधी ठरवून बोलायचं नाही

आदिलाबादच्या कलेक्टर ऑफिसच्या रस्त्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या काचेवर ती जाहिरात चिकटवली होती. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘इम्प्रोव्ह’, खाली तेलुगूत आणि हिंदीत दोन ओळी : तयारी न करता बोलायला शिका. दर रविवारी, मावला. मला वाटलं, शेवटचं अक्षर, ‘ई’, छापायचं राहिलं. त्यांना ‘इम्प्रूव्ह’ म्हणायचं असणार. बोलणं सुधारण्याचा क्लास.

मला तसला क्लास हवाच होता. माझं बी.एड. झालं होतं आणि दोन खाजगी शाळांच्या मुलाखतींतून मी परत आलो होतो. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी हसून ‘आपलं नाव सांगा’ म्हटलं होतं. मी खुर्चीत बसून नुसता ओठ मिटत राहिलो. शेवटी त्यांनी टेबलावरचा माझाच अर्ज उचलला, त्यावरचं नाव वाचलं, ‘ठीक आहे’ म्हणाल्या आणि पुढचं काही विचारलंच नाही. बाहेर व्हरांड्यात पुढचा उमेदवार माझ्याकडे बघून बाजूला सरकला. तो का सरकला कुणास ठाऊक, पण मला वाटलं त्यानं आतलं सगळं ऐकलं.

मी अडखळतो. बोलायला लागलो तेव्हापासून. शब्दाच्या सुरुवातीला येणारी, ओठ मिटून काढायची अक्षरं माझी वैरी, प, ब, म. त्यात ‘प’ सगळ्यात वाईट, आणि माझं नाव त्याच अक्षरानं सुरू होतं. बाकी शब्दांवर मी उपाय शोधला होता. आमच्या गावात एका वस्तूला तीन-तीन नावं असतात, त्याचा मी फायदा घेत असे. पाणी अडलं तर नीळ्ळू म्हणायचं. मीठ अडलं तर उप्पू. बाजार अडला तर अंगडी. लोकांना वाटे, ह्या पोराला तेलुगूची फार हौस. पण त्यासाठी वाक्य तोंडातून निघायच्या आधी ते सगळं डोक्यात फिरवून बघावं लागे. कुठे दगड आहे, कुठून वळायचं, सगळं आधी ठरवून. नावाला मात्र वळण नसतं. आपलं नाव तेच, कोणत्याही भाषेत.

शहरालगतच्या मावल्यात एका ट्यूशनवाल्याच्या वरच्या मजल्यावर तो क्लास भरे. शिकवणाऱ्या मॅडम बँकेत अधिकारी होत्या, बदलीवर हैदराबादहून आलेल्या. तिथे त्या हौशी लोकांच्या एका गटात काम करत. संहिता नाही, तालीम नाही, प्रेक्षकांनी एखादी जागा सुचवायची आणि दोघांनी तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. तेव्हा कुठे मला कळलं की जाहिरातीत अक्षर राहिलेलं नव्हतं. हा विनोदी नाटकाचा प्रकार होता. मी दाराकडे बघितलं, पण तोवर मॅडमनी सगळ्यांना गोल उभं केलं होतं.

पहिला खेळ नावाचा. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं, सोबत हातानं काहीतरी करायचं, मग साऱ्या गोलानं ते नाव आणि ती कृती जशीच्या तशी करायची. एकीनं उडी मारली, एकानं मिशीवर ताव दिला. माझ्या उजव्या बाजूला एक तरुण होता, औषधांच्या दुकानात कामाला, घरची बोली उर्दू. त्यानं सलाम ठोकून नाव सांगितलं. सगळ्यांनी सलाम ठोकला. मग माझी पाळी.

ओठ मिटले आणि मिटलेच. प... प... मी अडकलो की माझी मूठ आपोआप मांडीवर आपटते. जणू आतला शब्द ठोकून बाहेर काढायचा आहे. मी तशी मूठ आपटत राहिलो. कान तापले. औषधवाल्याला माझी दया आली. त्यानं ‘प’चं एक नाव पुरं केलं, मोठ्यानं, हसून, मदत म्हणून.

ते माझं नाव नव्हतं.

मी काही बोलायच्या आत साऱ्या गोलानं ते नाव पुकारलं. आणि सोबत सगळ्यांनी मांडीवर मूठ आपटली. प-प म्हणत नाही, नुसती मूठ. त्यांना वाटलं ती माझी कृती आहे. बँकेतल्या मॅडम, शिकणाऱ्या मुली, मिशीवाला, सगळे आपापल्या मांडीवर मुठी आपटत होते आणि दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन माझ्याकडे प्रेमानं बघत होते. मी मान हलवली. हलवली म्हणजे हललीच.

त्याच दिवशी मॅडमनी पहिला नियम सांगितला. समोरचा जे देतो ते घ्यायचं, आणि त्यात आपलं थोडं घालून परत द्यायचं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, अवुनु, इंका. मग हिंदीत, हाँ, और. मराठीत कसं म्हणतात म्हणून मला विचारलं. ‘हो, आणि,’ मी म्हणालो. ‘ह’ मला कधी अडत नाही. त्या म्हणाल्या, समोरच्यानं तुम्हाला डॉक्टर म्हटलं की तुम्ही डॉक्टर. ‘नाही, मी तर शिंपी आहे’ म्हणालात की प्रसंग तिथेच मेला. मी मागे बसून स्वतःची समजूत घातली की मग मी बरोबरच केलं, दिलेलं नाव घेतलं. मॅडमना हे अभिप्रेत नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

पुढच्या रविवारी दुरुस्त करू म्हटलं. पुढच्या रविवारी मॅडमनी दारातच मला त्या नावानं हाक मारली आणि मी ओ दिली. एकदा ओ दिल्यावर तर गेलंच.

जावंसं का वाटे ते सांगतो. तिथे चुकलेल्याला कुणी हसत नसे. मॅडमचं म्हणणं असं की रंगमंचावर चूक नसतेच. जे तोंडून गेलं ते त्या जगात खरं झालं, आता ते सांभाळा. दुसरं, स्वतः चमकायचं नाही, जोडीदाराला चांगलं दिसू द्यायचं. तिसरं, हशा शोधत फिरायचं नाही. प्रसंगातला माणूस खरा वागला की लोक आपोआप हसतात. ह्या गोष्टी मला ऐकायला फार बऱ्या वाटत. करायला मात्र एकही जमत नसे.

एका रविवारी औषधवाला आणि मी जोडीला होतो. मी जनावरांचा डॉक्टर. तो आला आणि म्हणाला, “डॉक्टरसाब, मेरी बकरी बात नहीं कर रही.”

मी आधीच ठरवून ठेवलं होतं की जनावरांचा डॉक्टर म्हटल्यावर गायच येणार. गायीला काय झालं, किती दिवस झाले दूध देत नाही, अशी ‘प-ब-म’ टाळलेली दोन सुरेख वाक्यं मी तयार ठेवली होती. त्यांतलं पहिलं मी म्हणून टाकलं, “गाय किती दिवस झाले दूध देत नाही?”

मॅडमनी टाळी वाजवून प्रसंग थांबवला. रागावल्या नाहीत. जवळ येऊन तेलुगूत विचारलं, “अतनु एमन्नाडु?” तो काय म्हणाला?

मला सांगता येईना. मी ऐकलंच नव्हतं. बकरी हा शब्द कानावरून गेला होता, एवढंच. तो बोलत असताना मी माझ्या पुढच्या वाक्यातले दगड मोजत होतो.

“तुम्ही समोरच्याचं ऐकत नाही,” त्या हिंदीत म्हणाल्या. “आधी ठरवून बोलता. इथे आधी ठरवायचं नाही.”

सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यांना माझं अडखळणं म्हणजे भित्रेपणा वाटत होता बहुतेक. अडू नये म्हणून मी शब्द असे काही निवडून बोलायचो की मी अडखळतो हे पुष्कळांना कळतच नसे. घरी जाताना मी विचार करत होतो, मी आजवर कुणाचं ऐकलंय? आई बोलते तेव्हा? मित्र बोलतात तेव्हा? सगळा वेळ मी आपलीच वाक्यं जुळवत बसलेलो. अडखळण्याची लाज मला सवयीची होती. ही लाज नवीन होती आणि ती जास्त लागली.

मग ते दुकानातलं झालं. आमचं भांड्यांचं दुकान आहे. मी मागे स्टीलचे डबे उतरवत होतो आणि बाबा गल्ल्यावर. दुपारची वेळ. औषधवाला दुकानात शिरला आणि त्यानं बाबांना विचारलं की अमुक आहे का. अमुक म्हणजे माझं ते दिलेलं नाव.

“असं कोनी नाई बा इथं,” बाबा म्हणाले.

“अरे चाचा, आपका लड़का. नाटक की क्लास में आता ना हमारे साथ.”

मी डब्यांच्या रांगेमागून पुढे आलो होतो. बाबांनी मागे वळून मला पाहिलं. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. बाबांनी क्षणभर पाहिलं आणि मग गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, “हौ, हाय ना. बसा. थो पाहा आला.”

औषधवाल्यानं सांगितलं, पुढच्या रविवारी संध्याकाळी आमचा कार्यक्रम आहे, घरच्यांना बोलवायचंय, चाचा, तुम्ही यायचंच. बाबांनी चहा मागवला. ते बोलत बसले, आणि बोलताना बाबांनी त्या परक्या नावानंच माझा उल्लेख केला, दोनदा. जड गेलं असणार. माझं खरं नाव आजोबांच्या नावावरून ठेवलेलं, बाबांनीच ठेवलेलं. तो गेल्यावर ते काही बोलले नाहीत. ‘काऊन?’ एवढं जरी विचारलं असतं तरी मी सगळं सांगितलं असतं. त्यांनी रात्रीच्या जेवणावर भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, आणि मी खाली मान घालून जेवलो.

कार्यक्रम एका लहानशा सभागृहात होता. खुर्च्या भरल्या होत्या, बहुतेक घरचीच माणसं. बाबा तिसऱ्या-चौथ्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते. औषधवाला आणि मी मंचावर आलो. मॅडमनी प्रेक्षकांना जागा विचारली. कुणी ‘बसस्टँड’ ओरडलं, कुणी ‘जिनिंग मिल’, मागून एक जण ‘एमआरओ ऑफिस!’ म्हणाला, म्हणजे आमच्याकडची तहसील कचेरी, आणि हशा पिकला. मॅडमनी तेच घेतलं. औषधवाला लगेच खुर्चीत बसून कारकून झाला, चष्मा नाकावर उतरवल्यासारखं करून. मी शेताच्या पहाणीची, म्हणजे सातबाऱ्याची, नक्कल मागायला आलेला माणूस.

“नाम बोलो,” तो म्हणाला.

तिथे मला कुठलंही नाव चाललं असतं. अ-पासून, ह-पासून, हवं ते. प्रसंग होता तो, कोण विचारणार? आणि मी त्या वेळी काही ठरवलंही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यानं विचारलं आणि ह्या खेपेला मी ते ऐकलं. त्याचा प्रश्नच ऐकला. आणि ओठ माझ्या खऱ्या नावावर जाऊन मिटले.

प...

मूठ मांडीवर पडली. पुन्हा पडली. पुढच्या रांगेतून हसू आलं, त्यांना ते नाटक वाटलं. मागे एका पोरानं माझ्यासारखं प-प-प केलं आणि त्याच्या आजूबाजूचे हसले. मी जमिनीकडे पाहत होतो. दिवे डोक्यावर होते. पाठीवरून घाम खाली चाललेला मला कळत होता. वाटलं, आत्ता चालत बाहेर जावं, कुणी अडवणार नाही.

औषधवाल्यानं ह्या खेपेला माझा शब्द पुरा केला नाही. त्यानं टेबलाखालून डबा काढल्यासारखं केलं. झाकण उघडलं, वास घेतला.

“आराम से बोलो, चाचा,” तो म्हणाला. “अपने खाने का टैम हुआ. ऑफिस कहीं नहीं जा रहा.”

सगळं सभागृह त्या कारकुनावर हसलं. त्यानं घास मोडला, चावला, माझ्याकडे बघितलं. मला एक घास पुढे केला. मग त्यानं हसवणंही सोडलं. हनुवटीखाली हात घेऊन नुसता बसून राहिला. किती वेळ गेला मला सांगता येत नाही.

मग नाव निघालं. पूर्ण. मोठ्यानं. भर सभागृहात मी पहिल्यांदा माझं नाव सांगितलं.

“हौ,” त्यानं लिहून घेतलं. “और बाप का नाम?”

बाबांचं नाव सरळ आलं. त्यानं समोरचे कागद चाळले, थांबला, चष्म्यावरून पाहिलं. “मगर इस जमीन पे तो दूसरे का नाम चढ़ेला है,” तो म्हणाला, आणि त्यानं मला दिलेलं ते नाव घेतलं, क्लासमध्ये सगळे हाक मारत ते. विंगेत आमची मंडळी खिदळली. त्यांना वाटलं, तो गंमत म्हणून माझं खरं नाव मध्ये आणतोय.

मी म्हणालो, “साहेब, थो मी नाई. त्या दिवशी घाईत चुकून चढलं.”

“तो बोले कायकू नहीं?”

“लाज वाटली. सगळ्यांनी लिहून घेतलं व्हतं. मंग हाक मारली की मी ओ देऊन राह्यलो.”

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तो. लोक टाळ्या वाजवत होते. आपलं नाव चुकीचं चढलं आणि माणूस लाजेनं त्याच नावाला ओ देतोय, एमआरओ ऑफिसात जाऊन आलेल्या प्रत्येकाला ते ओळखीचं वाटलं. मी खरं बोलत होतो आणि कुणालाच ते खरं वाटत नव्हतं. पडल्या चेहऱ्यानं मी उभा होतो, तर तो चेहराही त्यांना अभिनय वाटला. मॅडम नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “आज तू ऐकलंस.” आणि वर पुन्हा तेच दुसऱ्याचं नाव जोडलं.

मला एका माणसाची आशा होती. बाबांना तर कळलं असेल. मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत पाहिलं, खुर्ची रिकामी होती.

ते बाहेर गाड्या लावतात तिथे उभे होते. आमच्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवून.

“मले पाहवलं नाई रे,” ते म्हणाले. “थे पोट्टे तुह्यासारखं करून हासून राह्यले व्हते. मी उठून आलो.”

“बाबा, मग पुढं...”

“झालं ना आता? चाल.”

त्यांचे डोळे लाल होते. माझ्यासाठी त्यांना लाज वाटली होती, आणि उठून आल्याची वेगळी. मला पुढचं सांगता आलं नाही. सगळ्या रस्ताभर मी त्यांच्या पाठीमागे बसून वाक्य जुळवत होतो, आणि घर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी औषधांच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा ठरवत बसलो असतो. म्हटलं, “काल सांगितलं ते माझं खरं नाव आहे. तू म्हणतोस ते नाही.”

तो आधी हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. हातातली गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली. “पहले दिन... मैं बोला था वो?”

मी मान हलवली.

“या अल्ला. मेरे से जरा सबर नहीं हुआ,” तो म्हणाला. “और तुम्हारे अब्बा के सामने भी वोच नाम लिया मैं.” त्याचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. मी काही सुखानं सांगायला गेलो नव्हतो, पण त्याला लाजवायलाही गेलो नव्हतो. गिऱ्हाईक म्हणालं, “भैया, सिरप देते क्या?” त्यानं हात वर करून त्याला थांबवलं आणि मला म्हणाला, “कल मैं लिख लिया था सिर्फ, सुना नहीं ठीक से. फिर बोलो.”

पुन्हा अडलं. सिरपवाला घड्याळ बघत होता. औषधवाल्यानं ह्या वेळी डबा काढला नाही, गंमत केली नाही. नाव निघाल्यावर त्यानं ते एकदा हळू म्हणून पाहिलं, आणि मग सिरप काढायला वळला.

संध्याकाळी तो स्वतः आमच्या दुकानात येऊन बाबांना सगळं सांगून गेला. मी तेव्हा गोदामात होतो. बाबांनी मला एवढंच सांगितलं, “मले वाटलं, तुलेच आपलं नाव नको असंन. म्हनून मी काई बोललो नाई.” हे म्हणताना ते एका पातेल्याचं झाकण उगाच पुसत होते. त्यांना इतके दिवस असं वाटत राहिलं, ते ऐकून मला जे वाटलं ते मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही.

क्लासमध्ये सांगायला आणखी एक रविवार लागला. मॅडमनी सगळ्यांच्या वतीनं माफी मागितली, त्यामुळे मला आणखीच अवघडलं. दोघं-तिघं पुढेही चुकून जुन्या नावानं हाक मारत. मग मॅडमची बदली झाली.

आता मी बाजारहत्नूरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. रविवारी आदिलाबादला औषधवाला आणि मी कॉलेजच्या मुलांना हे प्रसंगांचे खेळ शिकवतो. मी फार काही सांगत नाही. समोरचा बोलत असेल तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघा आणि त्याचं संपू द्या, एवढंच जास्त वेळा सांगतो. मुलं विचारतात, सर, मग आपलं वाक्य कधी शोधायचं? मी म्हणतो, शोधायचं नाही. त्यांना ते पटत नाही. मलाही पुष्कळ वेळा जमत नाही.

मागच्या महिन्यात शाळेत पालकांची सभा होती. मला ‘प्रयोगशाळा’ म्हणायचं होतं आणि ते अडलं. समोर आयाबाया, आजोबा, काही जण तेलुगू बोलणारे. एका बाईनं तोंडावर पदर घेतला. कान पूर्वीसारखेच तापले, मूठही गेली मांडीवर. ‘लॅब’ हा शब्द जवळच होता. मी तो घेतला नाही. उभा राहिलो, लाज वाटत असतानाच उभा राहिलो, आणि शब्द आल्यावर पुढचं बोललो. सभा संपल्यावर ती पदरवाली बाई आपल्या मुलीच्या मार्कांबद्दल विचारायला आली, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मी ऐकत होतो.